संधी सोडवा!

आधी एक प्रश्न. गेल्या आठवड्यात तुम्ही किती फ्रेंच क्रियापदं वापरलीत?

'छे, एकही नाही,' म्हणत असाल तर जरा थांबा. एचआरला रेझ्युमे मेल केलात? कलीगच्या लग्नाच्या कार्डावर खाली आरएसव्हीपी वाचलंत? शुक्रवारी रात्री रेस्टॉरंटमध्ये टेबल बुक केलंत आणि डाएटच्या नावाखाली सॉते व्हेजिटेबल्स मागवल्यात? बॉस, चार झाली!

आरएसव्हीपीतला आर म्हणजे 'रेपाँदे', अर्थात 'उत्तर द्या'. पक्कं आज्ञार्थी क्रियापद. रेस्टॉरंट म्हणजे 'तरतरी आणणारं'. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये थकल्याभागल्यांना विकायच्या पौष्टिक सूपला हे नाव होतं, मग ते दुकानालाच चिकटलं. 'सोते' म्हणजे उडी मारणे, म्हणून कढईत टणाटण उडवलेल्या भाज्या त्या सॉते. आणि रेझ्युमे म्हणजे 'थोडक्यात सांगितलेलं'. गंमत म्हणजे फ्रान्समध्ये नोकरीसाठी कुणी रेझ्युमे देत नाही, तिथे सीव्हीच देतात. रेझ्युमे म्हणजे नुसता सारांश, गोष्टीचा असो की सिनेमाचा.

एवढं फ्रेंच आपण रोज बोलतो, तरी मी फ्रेंचमध्येच तोंडावर आपटले. कशी, ते सांगते.

मी तुम्ही बनणार आहे

आमच्या ऑफिसात एका फ्रेंच क्लायंटचं प्रोजेक्ट आलं. तीन महिने तिकडे जाऊन काम करायचं, एक जागा, आणि फ्रेंच येणाऱ्याला प्राधान्य. मी वर्षभर रविवार सकाळची झोप मोडून क्लास करत होते. शब्द पाठ, क्रियापदांचे तक्ते पाठ. म्हटलं, ही सीट आपलीच.

व्हिडिओ कॉलवर इंटरव्ह्यू झाला. समोर दोन फ्रेंच बायका आणि आमचे मॅनेजर. सुरुवात सॉलिड झाली. मग एकीनं विचारलं, काम उशिरा होणार असेल तर तुम्ही काय कराल? मला म्हणायचं होतं, 'मी तुम्हाला आधीच कळवीन.' त्याचं क्रियापद 'प्रेवनीर'. माझ्या डोक्यात त्या क्षणी रवनीर, दवनीर, प्रेवनीर, स्युरवनीर असं सगळं खानदान एकदम धावत आलं, आणि तोंडातून निघालं 'दवनीर'. म्हणजे 'बनणे'. पूर्ण आत्मविश्वासानं मी त्या बाईंना सांगितलं, 'काम उशिरा होणार असेल तर मी तुम्ही बनणार आहे.'

त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त नम्रपणे भुवया उंचावल्या. त्यानंतर मी वाचून दाखवलेल्या परिच्छेदात न उच्चारायची अक्षरं ठासून उच्चारली आणि उच्चारायची गिळली. जागा दुसऱ्याला मिळाली. कागदावर कुणी लिहिलं नाही, पण मराठीत त्याला एकच शब्द आहे, नापास.

खरं दुखणं वेगळंच होतं. मी धाराशिवची. बारावीपर्यंत मराठी मीडियम. पुण्यात आले तेव्हा पहिल्या सहा महिन्यांत मी 'काय करायलीस' सोडून 'काय करतीयेस' शिकले. गाव विचारलं की 'सोलापूरकडचं' म्हणून विषय बदलायचा. आत कुठेतरी पक्कं बसलं होतं की आपल्या जिभेतच फॉल्ट आहे. त्या दिवशी वाटलं, झालं, जिभेनं पितळ उघडं पाडलंच.

आईचा रिपेअर सेंटर

लाँग वीकएन्ड होता. बार्शीमार्गे एसटीनं घरी गेले. आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेली, तीस वर्षं मराठी शिकवलेलं. अंगणात ज्वारी निवडत बसली होती. मी शेजारी वही उघडून क्रियापदं घोकत होते.

"काय पुटपुटायलीस गं मघापासून? रवनीर, दवनीर?"

"फ्रेंच आहे आई. तुला नाही कळणार."

(हे वाक्य आयुष्यात कुठल्याही आईला म्हणू नका. अनुभवाचे बोल.)

"नीर तर सगळ्यातच ऐकू यायलंय. मूळ धातू कोणता?"

"वनीर. म्हणजे येणे."

"मग पुढं लागायलेत ते उपसर्ग. तुला सातवीला शिकवलं होतं मी. हृ धातू घेतला होता फळ्यावर. आठवतं का?"

आठवलं. आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार, उपहार. धातू एकच, पण पुढचा तुकडा बदलला की जेवणाचं भांडण होतं आणि भांडणाचा सत्यानाश. संस्कृतात परंपरेनं असे २२ उपसर्ग मोजतात, आणि आपण ते शाळेत एका दमात म्हणायचो. पेपर झाला की विसरायचो.

आईनं ज्वारीचं सूप बाजूला ठेवलं, माझी वही ओढली आणि म्हणाली, "एकेक तुकडा सांग. मी अर्थ लावते."

तर हा तो फंडा. 'र' म्हणजे पुन्हा. पुन्हा येणे, म्हणून रवनीर म्हणजे परत येणे. 'प्रे' म्हणजे आधी. आधी येऊन उभं राहणे, म्हणून प्रेवनीर म्हणजे आधी कळवणे, सावध करणे. 'अँतेर' म्हणजे मध्ये. अँतेरवनीर म्हणजे मध्ये पडणे. 'स्युर' म्हणजे वर. वरून येऊन आदळणे, म्हणून स्युरवनीर म्हणजे अचानक उद्भवणे. सोमवारी सकाळी सर्व्हर बंद पडतो तसं. 'काँ' म्हणजे सोबत. सोबत येणे, म्हणून काँवनीर म्हणजे जमणे, सोयीचं असणे.

"आणि हे सूवनीर?" आईनं विचारलं. "सहलीहून आणतात ते सोव्हेनिअर?"

तेच ते. 'सू' म्हणजे खाली. खालून वर येणे, म्हणजे आठवणे. मनाच्या तळाशी पडलेलं काहीतरी आपोआप वर येतं, त्याला फ्रेंचमध्ये हे क्रियापद. आणि आपण ताजमहालाचा प्लास्टिकचा की-चेन घेऊन त्याला सोव्हेनिअर म्हणतो!

मग मी मोबाइल काढला आणि शब्दांची खानदानं शोधत बसले. आता जे सापडलं ते ऐका. फ्रेंच वनीर आलं लॅटिन 'वेनिरे'वरून. हे वेनिरे, आपला संस्कृत गम् धातू आणि इंग्रजीतलं 'कम' ही भाषाशास्त्राच्या हिशेबानं सख्खी भावंडं आहेत, एकाच मूळ धातूची. फ्रेंचमधला 'अँतेर' किंवा 'आँत्र' आणि आपला 'अंतर्' एकाच घरातले. 'सू' ज्या लॅटिन 'सुब्'वरून आला तो आपल्या 'उप'चा नातेवाईक. 'स्युर'चा पूर्वज 'सुपेर' म्हणजे आपल्या 'उपरि'चा चुलतभाऊ. आणि काँवनीर, म्हणजे सोबत येणे? सम् अधिक गम्. संगम!

मी वर्षभर तक्ते पाठ करत होते, आणि ही सगळी पाव्हणी मंडळी सातवीच्या पुस्तकात येऊन बसली होती.

घेणे-देणे

दुसरा धातू घेऊ. 'प्राँद्र' म्हणजे घेणे. आप्राँद्र म्हणजे शिकणे, काँप्राँद्र म्हणजे समजणे, स्युरप्राँद्र म्हणजे चकित करणे (वरून झडप घालून पकडणे), आँत्रप्राँद्र म्हणजे काम हाती घेणे. ह्या शेवटच्यावरूनच आपला लाडका शब्द आला, आँत्रप्रनर. स्टार्टअप काढणारा प्रत्येक जण मुळात 'हाती घेणारा'.

संस्कृतात ह्याला जोडीदार ग्रह् धातू. आग्रह, संग्रह, निग्रह, अनुग्रह, विग्रह. मराठीत तर आणखी मजा. आपण घेणे मागे लावतो: समजून घेणे, शिकून घेणे, हाती घेणे, मनावर घेणे. फ्रेंच माणूस पुढे तुकडा जोडून जे करतो, ते आपण मागे 'घेणे' जोडून करतो. म्हणजे 'समजून घेणे' म्हणणाऱ्या माणसाला काँप्राँद्र परकं वाटायचं कारणच नाही.

संध्याकाळी आजोबा गप्पांत सामील झाले. ते निजामाच्या राजवटीत शाळेत गेलेले, उर्दूत शिकलेले. आमचा जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. ते म्हणाले, "संस्कृतचंच काय घेऊन बसलाव? आमचे बे, गैर, ना कुठं गेले? बेकायदा, गैरहजर, नापास."

नापास! मी उडालेच. 'ना' फारसी, 'पास' इंग्रजीतून आलेला, आणि इंग्रजीत तो जुन्या फ्रेंच 'पासे' ह्या क्रियापदावरून आलेला. म्हणजे ज्या शब्दानं मी चार दिवस स्वतःला बोचकारत होते, त्याच्याच पोटात एक फ्रेंच क्रियापद निवांत बसलं होतं, पुढे निजामी उपसर्ग लावून.

जीभ कुठे तोडते?

अर्थाचं झालं. उच्चाराचं काय? तिथे तोडायची जागा वेगळी आहे, आणि माझा खरा घोळ इथेच होता.

फ्रेंचचा साधा नियम असा. दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असेल तर ते पुढच्या स्वराकडे जातं. र-व-नीर. देवनागरीत आपण लहानपणापासून असंच लिहितो, व्यंजन आणि त्याच्या पुढचा स्वर मिळून एक अक्षर. दोन व्यंजनं आली तर सहसा एक मागे, एक पुढे: पार-ले, म्हणजे बोलणे. पण दुसरं व्यंजन र किंवा ल असेल आणि पहिलं प, ब, त, द, क, ग असलं काही असेल, तर दोघं हात सोडत नाहीत. लिहिताना काँ-प्राँ-द्र असं तोडायचं, द आणि र वेगळे करायचे नाहीत. आपली जोडाक्षरंच की! प्र, द्र, त्र आपल्याला कुणी समजावून सांगावी लागत नाहीत.

आता पार-ले वरून आठवलं. 'मी बोलते' म्हणजे 'झ पार्ल', आणि ह्या पार्लचं स्पेलिंग डिट्टो आपल्या पार्ले-जीतल्या पार्लेचं. मी, तू, तो आणि ते ह्या चारांची स्पेलिंगं वेगवेगळी असू शकतात, पण उच्चार चौघांचा एकच, पार्ल. 'ते'च्या रूपाला शेवटी ई-एन-टी लागतं ते फक्त कागदावर. मी इंटरव्ह्यूत ते 'पार्लेन्ट' असं ठणकावून वाचलं होतं. 'आम्ही' म्हटलं की मात्र दोन तुकडे ऐकू येतात, पार-लाँ. काँप्राँद्रचंही तसंच: मी काँ-प्राँ, दोन. आम्ही काँ-प्र-नाँ, तीन. ते काँ-प्रेन, पुन्हा दोन, जरी कागदावर तीन दिसले तरी.

'लिहायचं एक आणि बोलायचं दुसरं, हा काय चावटपणा?' असं मला वर्षभर वाटायचं. उत्तर तेरला मिळालं.

तेर आमच्याच तालुक्यात. संत गोरा कुंभारांचं गाव. रविवारी आईला दर्शनाला घेऊन गेले. हे साधंसुधं गाव नाही बरं का. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक भाषेतल्या प्रवासवर्णनात ह्याचा उल्लेख 'तगर' म्हणून येतो, इथला माल गाड्यांतून भडोचच्या बंदरात जायचा. परक्या जिभांनी आमच्या गावांची नावं तेव्हाच वळवून घेतली होती. मग मी त्यांचे शब्द वळवताना एवढी का लाजते?

देवळात भजन चाललं होतं. आई मांडीवर बोटं मोजत होती. म्हणाली, "मोज. सहा, सहा, सहा, चार." मोठ्या अभंगाचा हाच हिशेब, पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार. आणि मोजताना लिहिलेलं प्रत्येक अक्षर धरायचं. 'कुंभार' बोलताना आपण दोन तुकडे करतो, कुं-भार. अभंगात तीन मोजायचे, कुं-भा-र. शेवटच्या र मधला अ बोलताना मरतो, गाताना जिवंत होतो.

फ्रेंचमध्ये अगदी हेच घडतं. शेवटचा मुका ई बोलताना गायब, गाण्यात आणि कवितेत हजर. 'फ्रेर झाक' हे बालगीत तुम्ही कधीतरी ऐकलं असेल. ही दोन नावं बोलताना दोनच झटके, फ्रेर, झाक. गाताना चार सूर, फ्रे-र-झा-क. म्हणजे चावटपणा असेलच, तर तो आपणही सातशे वर्षं करतोय!

दोन सुऱ्या

आता मुद्द्याचं. अर्थाची सुरी आणि जिभेची सुरी दर वेळी एकाच जागी पडत नाहीत.

'आज्ञा न पाळणे' ह्याला फ्रेंचमध्ये 'देझोबेईर'. अर्थानं तोडा: 'देझ' हा नकाराचा उपसर्ग, 'ओबेईर' म्हणजे आज्ञा पाळणे. जिभेनं तोडा: दे-झो-बे-ईर. उपसर्गाचं शेवटचं व्यंजन पुढच्या स्वरानं पळवलं. (उच्चार झाडातल्या झ सारखा.) आता आपला 'दुराचार' घ्या. अर्थानं दुर् अधिक आचार. बोलताना दु-रा-चार. 'निराश'? निर् अधिक आशा. बोलताना नि-राश. तिथेही र पळवलेलाच.

कधी कधी तर स्वरच विरघळतो. 'आँत्रे' म्हणजे आत शिरणे. त्याला 'र' लावा, पुन्हा आत शिरणे. पण 'रआँत्रे' होत नाही, होतं 'राँत्रे'. दोन स्वर भेटले आणि एकात एक मिसळले. महा अधिक ईश महेश होतो, साधारण तसंच. शाळेच्या पेपरात ह्यावर हमखास प्रश्न असायचा: संधी सोडवा, दोन गुण.

म्हणून बोलायचं असेल तेव्हा जिभेनं तोडा, समजायचं असेल तेव्हा अर्थानं तोडा. मी नेमकं उलटं करत होते. उच्चार करताना स्पेलिंग बघायचे आणि अर्थ लावताना नुसता आवाज आठवायचे. म्हणून सगळी 'वनीर' मंडळी एकाच चेहऱ्याची दिसायची.

मग पुढे काय झालं?

सिनेमा असता तर ती जागा मला परत मिळाली असती. तसं काही झालं नाही. जो गेला तो तीन महिने राहून आला, येताना सोव्हेनिअर म्हणून आयफेल टॉवरचा की-चेनही घेऊन आला. (मी काही बोलले नाही.)

पण मागच्या महिन्यात त्याच क्लायंटबरोबर कॉल होता. डिलिव्हरी दोन दिवस लांबणार होती. मी माइक ऑन केला, डोक्यात एक क्षण 'आधी अधिक येणे' अशी फोड केली आणि म्हणाले, 'झ व्हे वू प्रेवनीर.' मी तुम्हाला आधीच कळवीन. त्यातली एक बाई इंटरव्ह्यूवालीच होती. ह्या वेळी ती हसली. मग तिनं विचारलं, तुम्ही मूळच्या कुठल्या?

सोलापूरकडची असं म्हणणार होते. नाही म्हणाले. जिल्ह्याचं अधिकृत नाव २०२३ मध्ये बदललं, तरी माझ्या तोंडात अजून कधी उस्मानाबाद येतं, कधी धाराशिव. त्या दिवशी सावकाश, तिला म्हणता येईल असं तोडून सांगितलं: धा-रा-शिव. तिनं दोनदा म्हणून पाहिलं. दुसऱ्या वेळी जवळपास बरोबर.

त्या रात्री आईला फोन केला. तिनं विचारलं, "काय करायलीस?" मी म्हटलं, "जेवायलीय." बाजूच्या बेडवरची रूममेट चमकून बघायला लागली. बघू दे.

ह्या वीकएन्डचा होमवर्क

फ्रेंच, जर्मन, जपानी, काहीही शिकत असाल, प्रमोशनसाठी असो, कॅनडाच्या पॉइंट्ससाठी असो की निव्वळ हौसेसाठी, एवढं करून बघा. एक धातू घ्या. त्याची पाच नातेवाईक क्रियापदं लिहा. प्रत्येकाखाली दोन ओळी काढा. पहिलीत टाळी वाजवत तुकडे पाडा, एका टाळीला एक स्वर. दुसरीत उपसर्ग वेगळा करा आणि अर्थ मराठीतच लिहा. इंग्रजीतून वळसा घालू नका, आपल्या घरातून रस्ता जवळचा आहे. दोन ओळी कुठे जुळत नाहीत तिथे लाल गोल करा. तुमच्या चुका बहुतेक त्या गोलातच सापडतील.

आणि घरी कुणी रिटायर झालेल्या मराठीच्या बाई असतील तर आधी त्यांना फोन लावा.

जाता जाता, त्या राँत्रेचा रोजच्या बोलण्यातला अर्थ राहिलाच. पुन्हा आत शिरणे, म्हणजे घरी परतणे. पुढच्या शुक्रवारचं एसटीचं तिकीट काढलंय. एक संधी हुकली खरी, पण बाकीच्या आता सोडवता यायला लागल्यात.